गोदाताईंनी कामं वाटली

शहाड मागे पडलं, उल्हास नदीवरचा पूलही ओलांडून झाला, तरी गोदाताई बोलायला तयार नव्हत्या. योगिनी त्यांच्या मागून चालत होती आणि पुन्हा पुन्हा त्यांच्या पाठीकडे बघत होती. एरवी या बाईबरोबर चालायचं म्हणजे कानांना विसावा नसायचा. कुठलं शेत कुणाचं होतं, कुठल्या बिल्डिंगखाली कुणाची विहीर गाडली गेली, कुणाच्या लग्नात कोण रुसून न जेवता उठलं, हे ऐकता ऐकता ठाकुर्लीहून कल्याण कधी यायचं ते कळायचंसुद्धा नाही. आज पहाटे निघाल्यापासून त्यांनी "चल" आणि "सांभाळ, खड्डा आहे" याखेरीज तोंड उघडलं नव्हतं.

अंगारकीचा दिवस होता. टिटवाळ्याच्या रस्त्याला माणसांची रीघ लागलेली. कुणी अनवाणी, कुणी कपाळाला भगवी पट्टी बांधलेली, कॉलेजची पोरं मोबाईलवर आरती लावून झपाझप पुढे जाणारी. ठिकठिकाणी मंडळांनी चहाचे टोप मांडले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून चहा पाजत होते. थंडी ओसरत आली होती, पण नदीवरून येणारा वारा अजून अंगाला लागत होता.

नवस दोघींचा मिळून होता. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटले, तर पुढच्या अंगारकीला चालत यायचं. विषय सुटले. गोदाताईंचा इंग्रजीचा पेपर तर काठावर सुटला, आणि तो बाप्पानेच ढकलला असं दोघींचंही मत होतं. त्यामुळे या चालण्यात खरं तर आनंदीआनंद असायला हवा होता. पण आठवड्यावर गोदाताईंच्या मुलाची, धनेशची हळद येऊन ठेपली होती, आणि त्या हळदीचं काय होणार या विचाराने त्या माऊलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तसा आज उपासच होता, पण तो कालपासूनच सुरू झाला होता.

योगिनीला त्यांची पहिली भेट आठवत राहिली.

कल्याणला एका शाळेच्या इमारतीत दर रविवारी अभ्यासकेंद्र भरायचं. वर्ग चौथीच्या मुलांचा. बाक एवढे बुटके, की मोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीला टेकायचे. फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच असायचा. पहिल्या रविवारी सगळे अवघडून बसले होते. कुणी रिक्षावाला, कुणी पोलिसातला, दोन नर्सबाया, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातला सुपरवायझर प्रफुल्ल. योगिनीही त्याच भागातल्या, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. माल पाठवण्याचं सगळं काम तीच बघायची, पण कागदावर ती साधी मदतनीस. बारावीनंतर वडील आजारी पडले आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आता नवे मालक म्हणत होते, पदवी आण, मग बघू.

तर सर अजून यायचे होते, आणि दारातून एक बाई आत आल्या. कडक इस्त्रीची साडी, ठसठशीत कुंकू, हातात जाड पाटल्या, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, नाकावर चष्मा आणि काखेत पर्स. त्या अशा काही ताठ चालत आल्या की अख्खा वर्ग उठून उभा राहिला आणि एका सुरात "नमस्ते मॅडम" म्हणाला. बाईंनी मागे वळून बघितलं, कोण मॅडम आलं म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"बसा, बसा," त्या म्हणाल्या, "मी पण तुमच्यातलीच. नववीत शाळा सोडलेली."

आणि योगिनीच्या शेजारी येऊन बसल्या. बाक करकरला. मग खरे सर आले तेव्हा मात्र कुणीच उठलं नाही. ते तानाजी सर. आठवडाभर बँकेत नोकरी करायचे आणि रविवारी शिकवायला यायचे. गरीब माणूस. त्यांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही की आपण आलो की वर्ग खिदळतो का.

गोदाताई भोईर ठाकुर्लीच्या खाडीकडच्या अंगाला असलेल्या एका जुन्या गावच्या. गाव म्हणायचं आपलं, चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेले, मध्ये कौलारू घरांचा एक पुंजका आणि गावदेवीचं देऊळ. घरची भातशेती होती, सासरे तरुणपणी मिठागरावरही जायचे. शेतं गेली, त्यांच्या जागी बिल्डिंगी आल्या, घरात पैसा आला. त्यांचे यजमान नाथाशेठ सकाळी देवळाच्या पारावर बसायचे ते जेवायलाच उठायचे. गोदाताईंना मात्र रिकामं बसवत नसे. त्यांनी गावातल्या बायकांचा बचत गट काढला आणि आगरी मसाला करून विकायला सुरुवात केली. मसाला इतका झणझणीत, की डोंबिवलीच्या दुकानातून मागणी यायला लागली.

शिकायचं खूळ डोक्यात शिरलं ते त्या गटामुळेच. ठाण्याला गटांच्या अध्यक्षांचं प्रशिक्षण होतं. तिथल्या बाईंनी माईक हातात देऊन विचारलं, तुमच्या गटाचं उद्दिष्ट काय? गोदाताईंनी सांगितलं, "मसाला." हॉलभर हशा पिकला. त्या खाली बसल्या आणि जेवणाच्या सुट्टीत न जेवता घरी आल्या. हे त्यांनी योगिनीला सांगितलं तेव्हा स्वतःही हसत होत्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. त्या रात्री त्यांनी धनेशला विचारलं, नववीत शाळा सोडलेल्या बाईला कुठे शिकता येतं? त्याने मोबाईलमध्ये बघून सांगितलं. आधी पूर्वतयारीची परीक्षा द्यायची, मग बी.ए.ला नाव घालता येतं. रोज जायला लागत नाही, रविवारी जायचं. एखादा विषय राहिला तर पुढच्या खेपेला देता येतो. गावदेवीची जत्रा आली तर परीक्षा पुढे ढकलता येते का, एवढंच त्यांनी विचारलं. येते म्हटल्यावर फॉर्म भरला. विषय निवडताना त्यांचं बोट यादीत एके ठिकाणी थांबलं, ते शेवटपर्यंत हललं नाही. नेतृत्व आणि संघ-व्यवस्थापन.

योगिनीनेही तोच विषय घेतला होता, नोकरीसाठी. त्यामुळे जोडी जमली. रविवारी वर्ग सुटला की दोघी गोदाताईंच्या ओटीवर येऊन बसायच्या. तांदळाची भाकरी, वांग्यात सुकट. श्रावणात योगिनीला नुसतं वांगं. आणि मग पुस्तकं उघडायची. पुस्तक मराठीतच होतं, पण ते मराठी असं, की माणसाने पाटावर बसून सोवळ्यात वाचावं. अभिप्रेरणा, अधिकार-प्रदान, प्रत्याभरण. गोदाताई एकेका शब्दापाशी गाडी थांबवायच्या.

"प्रत्याभरण म्हणजे काय गो?"

"आपण केलेल्या कामाबद्दल दुसऱ्याने आपल्याला सांगायचं. चांगलं काय, वाईट काय, कुठे सुधारायचं."

"म्हणजे सासू."

योगिनीला ठसका लागला. परीक्षेत प्रत्याभरणावर प्रश्न आला तेव्हा तिला पेपर लिहिता लिहिता हसू आवरेना, आणि पर्यवेक्षक बाई येऊन उभ्या राहिल्या.

नेत्यांचे प्रकार होते, त्यांनाही गोदाताईंनी गावातली माणसं लावली. सासरे हुकूमशाही. नाथाशेठ मुक्त-सोड, म्हणजे जो काहीच करत नाही तो. आणि लोकशाही नेतृत्व म्हणजे कोण, म्हटलं की त्या विचारात पडायच्या आणि मग समोरच्या घराकडे बोट दाखवायच्या. समोर त्यांच्या थोरल्या जाऊबाई राहायच्या. विमलाबाई.

विमलाबाई गावच्या धवलारीण. आगरी लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. मांडव पडल्यापासून वरात येईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्या तोंडी असतं, ती म्हणते आणि बाकीच्या बाया मागून उचलतात. काय आधी, काय नंतर, कुठे नारळ, कुठे विडा, हे सगळं तिच्या गाण्यातच असतं. विमलाबाईंनी अख्ख्या गावाची लग्नं लावली होती. गोदाताई नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांच्या अंगाला पहिली हळद याच जाऊबाईंनी लावली होती, आणि चुलीपासून खाडीच्या चिखलातले निवटे मासे धरण्यापर्यंत सगळं यांनीच शिकवलं होतं. गोदाताई त्यांना बाय म्हणायच्या. अभ्यास चालू असला की विमलाबाई पलीकडच्या ओटीवरून ओरडायच्या, "गोदा, काय साहेबीन झालीस काय गो? मना नोकरीला ठेव." आणि थोड्या वेळाने स्वतःच चहाचे पेले घेऊन यायच्या. गुडघे गेले होते त्यांचे. दोन ओट्यांमधलं अंतर पार करायलाही भिंत धरायला लागायची.

तिसऱ्या वर्षाला एक प्रकल्प करायचा होता. आपल्या परिसरातल्या एका सामूहिक कामाचं नियोजन करून, ते माणसांत वाटून, पार पाडून दाखवायचं आणि त्यावर लिहायचं. योगिनीने आपल्या कंपनीतलं माल रवाना करण्याचं काम घेतलं. भिंतीवर तक्ता लावला, कुणी काय करायचं, किती वाजेपर्यंत. पोरांनी पहिले दोन दिवस तोंडं वाकडी केली, मग वेळेवर घरी जायला मिळतंय म्हटल्यावर तक्ता सगळ्यांना आवडायला लागला. आणि गोदाताईंच्या घरात तर नेमकं धनेशचं लग्न ठरलं होतं. याहून मोठं सामूहिक काम कुठलं?

आता त्या गावची एक रीत आहे. कार्य कुणाच्याही घरी असो, काम कुणी कुणाला सांगत नाही. आवतण गेलं की झालं. मग ज्या घराच्या हातात जे काम वर्षानुवर्षं आहे, त्या घरच्या बाया आपणहून येऊन ते उचलतात. तांदूळ निवडायला अमक्यांच्या, मासळी साफ करायला तमक्यांच्या, हळद दळायला जात्यावर पहिला हात विमलाबाईंचा. कुणी कमी पडलं तर शेजारची न विचारता तिच्या सुपात हात घालते. यजमानीणबाईने फक्त दारात उभं राहून "या गो" म्हणायचं आणि चहा करायचा. गोदाताईंनी स्वतः असंच शंभर घरी केलं होतं. पण पुस्तकात लिहिलं होतं की योग्य व्यक्तीला योग्य काम द्यावं, कामाची वेळ स्पष्ट असावी, कुणावर जास्त भार पडू नये. आणि त्या खरंच विचार करायला बसल्या. शेजारच्या कल्पिताचं मूल लहान, तिला सकाळी बोलवायला नको. अमकीची पाठ दुखते, तिला खाली बसायचं काम नको. आणि बायचे गुडघे. बायने आता जात्यावर बसू नये. तिला मान द्यावा, खुर्ची द्यावी.

असा तक्ता तयार झाला. नाव, काम, वेळ. धनेशने तो कंप्युटरवर छान चौकटी आखून काढला आणि गावातल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तांदूळ निवडणे, रविवार, दुपारी दोन ते चार, आणि खाली नावं. हळद दळणे, कल्पिता आणि इतर. धवला म्हणणे, विमलाबाई, संध्याकाळी सहा ते आठ. आणि एरवी त्यांच्याच नावापुढे, पाहुण्यांचं स्वागत, बसून.

ग्रुपवर भराभर अंगठे आले. एकीने लिहिलं, ठीक आहे. दुसरीने लिहिलं, वेळेवर येऊ. योगिनीला गोदाताईंनी मोठ्या हौसेने फोटो पाठवला आणि योगिनीनेही अंगठाच पाठवला.

त्या रविवारी योगिनी मुद्दाम बघायला गेली होती, प्रकल्पात लिहायला उपयोगी पडेल म्हणून. दोनला बाया आल्या, अगदी दोनला. या गावात दोनचं आवतण म्हणजे साडेतीन. सगळ्यांनी धुतलेल्या साड्या नेसलेल्या. सुपं घेतली, ओळीने बसल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. कुणी बोलेना, कुणी गाईना. एकीचं सूप रिकामं झालं, शेजारणीचं भरलेलं होतं, पण तिने हात घातला नाही, नुसती बसून राहिली. गोदाताईंनी चहा आणला तर म्हणाल्या, चहाचं तक्त्यात नाही. आणि चार वाजले तशा उठल्या. मधोमध तांदळाचा ढीग तसाच.

"अगं, एवढे राहिले की," गोदाताई म्हणाल्या.

"आमची वेळ झाली, मावशी," कल्पिता म्हणाली. पदर खोचला आणि गेली.

पण हेही चाललं असतं. योगिनीने मान वळवली तेव्हा तिला दाराशी विमलाबाई दिसल्या. प्लास्टिकच्या लाल खुर्चीवर बसलेल्या. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर रस्त्याकडे. त्या सकाळपासून तिथे बसल्या होत्या, असं नंतर नाथाशेठांनी सांगितलं. पाहुणे यायला अजून आठवडा होता. रस्त्याने जो जाईल, दूधवाला, कुरिअरवाला, शाळेतून येणारी पोरं, त्या प्रत्येकाला हात जोडून त्या म्हणत होत्या, "या, या, बसा."

गोदाताई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "बाय, उठ ना. घरी चल."

"मना खुर्ची दिलीस ना तू," विमलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "रोजावर लावलंस गो आमाला. बरं केलंस. माझा रोज बसायचा, मी बसलंय."

त्यानंतर दोन ओट्यांमध्ये एक शब्दही गेला नव्हता. हळद व्हायची तर होणार होती, बाया यायच्या त्या येणार होत्या, तक्त्यातल्या वेळेला येऊन तक्त्यातल्या वेळेला जाणार होत्या. कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. आणि विमलाबाई सहा ते आठ गाणार होत्या. धनेश म्हणाला, मग काय बिघडलं? नाथाशेठ म्हणाले, केटरर लावू, डीजे आहेच. त्या दोघांना समजावून काही उपयोग नव्हता. जिने आपल्याला हळद लावून या घरात घेतलं, तिने आपल्या मुलाच्या हळदीत परक्यासारखं घड्याळ बघून गावं, आणि घड्याळ बघून उठावं, ही गोष्ट गोदाताईंच्या जिवाला खात होती.

आंबिवलीच्या पुढे एका मंडळाच्या मांडवात दोघी टेकल्या. योगिनीने साबुदाण्याची खिचडी आणली. गोदाताईंनी द्रोण हातात धरला आणि तसाच ठेवला.

"तुम्ही त्यांच्या गुडघ्यांसाठी केलंत ना," योगिनी म्हणाली. "तुमच्या मनात वाईट काय होतं?"

"मनातलं कोण बघतं?" त्या म्हणाल्या. एवढंच. आणि पुन्हा चालायला लागल्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. योगिनी कधी त्या बाजूला गेली तर तिला तो कौलारू घरांचा पुंजका शोधावा लागतो. दोन्ही ओट्या गेल्या, त्यांच्या जागी बिल्डिंग आली, आणि गोदाताई चौथ्या मजल्यावर राहतात. भिंतीवर काळ्या झग्यातला, डोक्यावर चौकोनी टोपी घातलेला त्यांचा फोटो आहे. टोपीखालून अबोलीचा गजरा दिसतो. फोटोवाला काढा म्हणत होता, त्यांनी काढला नाही. मसाल्याचा गट जोरात चालू आहे. ठाण्याच्या प्रशिक्षणाला आता त्या बोलायला जातात. योगिनीही तिच्या कंपनीत माल-विभागाची प्रमुख झाली. रविवारी कधी कल्याणला त्या शाळेवरून जाताना तिला वाटतं, आत जाऊन त्या बुटक्या बाकावर एकदा बसावं. तो चौथीचा वर्ग, सरांचा तो बिचारा चेहरा, भाकरीचा वास लागलेली पुस्तकं. पास होण्याची एवढी घाई कशाला केली आपण, असं वाटतं. अजून एखादा विषय मागे ठेवायला हवा होता.

विमलाबाई आता नाहीत. धनेशची हळद मात्र त्यांनी गाजवली. कल्पिताला बाजूला सारून जात्यावर बसल्या, मांडी घालता येईना म्हणून एक पाय लांब सोडून, आणि पहिली मूठ टाकून जे गाणं उचललं ते बाहेरचा डीजे बंद करायला लावून. आठ वाजून गेले, दहा वाजून गेले. उरलेले तांदूळ कुणी कधी निवडले ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही, सकाळी उठून बघितलं तर स्वच्छ भरून ठेवलेले. मासळीच्या दोन सुऱ्यांवर पाच बाया भांडत होत्या. गोदाताई मधे मधे करायला लागल्या तर विमलाबाईंनी गाणं न थांबवता हातानेच त्यांना कोपऱ्यात बसायला सांगितलं, आणि सगळा मांडव हसला. योगिनी त्या दिवशी नारळ सोलत होती. कुणी सांगितलं नव्हतं, दिसले म्हणून सोलायला घेतले.

प्रकल्पात गोदाताईंनी सगळं जसं घडलं तसं लिहिलं, खुर्चीसकट. तानाजी सरांनी तपासून मध्यम गुण दिले आणि खाली शेरा मारला, नियोजन उत्तम, अंमलबजावणीत शिस्तीचा अभाव. गोदाताईंनी तो शेरा विमलाबाईंना वाचून दाखवला. विमलाबाई म्हणाल्या, खरं लिवलंय मास्तरानं.

पण हे सगळं नंतरचं. त्या अंगारकीला, टिटवाळ्यात पोचल्यावर, यातलं काहीच दिसत नव्हतं.

रांग लांबलचक होती. ऊन चढलं. योगिनीच्या टाचेला फोड आला होता, पण नवसाच्या वाटेवर पाय दुखला म्हणून कुरकुर करू नये, असं तिच्या आईने शिकवलं होतं. ती मनात अथर्वशीर्ष म्हणत उभी राहिली. गाभाऱ्यापाशी आल्यावर क्षणभरच मिळालं. शेंदराने माखलेली ती मूर्ती, दूर्वांचा ढीग, पुढे ढकलणारे हात. योगिनीने दुसऱ्या वर्षाबद्दल आभार मानले आणि तिसऱ्या वर्षाबद्दल काही मागायचं होतं ते राहूनच गेलं, कारण तिचं लक्ष शेजारी होतं. गोदाताईंनी डोळे मिटले नव्हते. त्या गणपतीकडे सरळ बघत होत्या, जसं घरातल्या मोठ्या माणसाकडे बघतात, आता तूच सांग म्हणून.

बाहेर येऊन दोघी तळ्याच्या काठावर सावलीला बसल्या. योगिनीने चप्पल काढून टाच बघितली. गोदाताईंनी पर्समधून हळदीची पुडी काढली. ती त्यांच्या पर्समध्ये कायम असायची. त्यांनी योगिनीचा पाय सरळ आपल्या मांडीवर ओढला आणि फोडाला हळद दाबली. योगिनी संकोचून पाय मागे घ्यायला लागली तर त्यांनी घोटा घट्ट धरून ठेवला.

"मी उद्या सकाळी बायकडे जाते," त्या म्हणाल्या.

"जा ना. बरं होईल."

"तक्ता काढून टाकायला सांगितलाय धनेशला. पण तेवढ्याने होत नाही. मी जाऊन तिच्या ओटीवर बसणार. माफी मागायला नाही. ती निवडत असेल ते निवडणार, सोलत असेल ते सोलणार. तू येशील बरोबर? अर्धा दिवस सुट्टी मिळेल?"

योगिनी म्हणाली, मिळेल, येते. आणि पुढे असंही म्हणाली की मी सांगते त्यांना नीट, तुमच्या मनात काय होतं ते, तिऱ्हाइताने सांगितलेलं पटतं माणसाला.

"तेच नको," गोदाताई म्हणाल्या. हळदीची पुडी त्यांनी नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. "तू तोंड उघडायचं नाही. मी पण उघडणार नाही. पण माझा मला भरवसा नाही गो. एवढं शिकले त्याचं हे झालंय, की कुणी काही बोललं की मला लगेच सांगावंसं वाटतं, माझा हेतू हा होता, माझं म्हणणं असं होतं. ती टोमणे मारणार. मारू दे. तिचा हक्क आहे. तू माझ्या मागेच बस, आणि मी समजवायला लागले ना, की माझा पदर ओढ. जोरात ओढ."